कुत्र्याचा घास फोडणीआधी काढा



मार्च-एप्रिल आला की आपल्या भागातल्या गावागावांत डंक खडखडू लागतात. अंगणात जुन्या लुगड्यावर मिरची वाळत पडते. रंगाला ब्याडगी, झटक्याला लवंगी, नाहीतर संकेश्वरी. एका चुलीवर धने, तीळ, खोबरे भाजले जाते, दुसरीवर कांदा तांबूस होईपर्यंत तळला जातो आणि सोललेल्या लसणाची पाटी भरते. हे सगळे डंकाखाली गेले की गल्लीतून जाणारा-येणारा शिंकत जातो. वर्षाची चटणी बरणीत दाबून बसली की घरची बाई निर्धास्त. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे नुसते 'चटणी' म्हटले तरी हीच, कांदा-लसणाची. तिच्याशिवाय आमटी नाही, कोरड्यास नाही आणि रस्सा तर नाहीच नाही.

आता त्या आमटीत बुडवलेला भाकरीचा शेवटचा तुकडा जातो कुणाकडे? दारातल्या कुत्र्याकडे.

कुत्र्याच्या खाण्यावर पेपरात काय लिहायचे, असे काही जण म्हणतील. म्हणू देत. रात्री दोन वाजता लाईट आली म्हणून मोटार चालू करायला जो विहिरीवर जातो, त्याला विचारा पुढे कुत्रे असले की किती धीर येतो ते. उसाच्या पट्ट्यात आता बिबट्याचा वावर आहे. बैल, गाय, शेळी यांच्यासाठी आपण पेंड मोजून घालतो, दवाखाना करतो. कुत्र्याला मात्र राहिलेले, शिळे, तिखट, जे असेल ते. तो तक्रार करीत नाही, शेपूट हलवतो आणि खातो. म्हणूनच आपल्याला कळत नाही.

मलाही कळले नव्हते. आमच्या मळ्यातल्या वस्तीवर मोत्या नावाचा गावठी कुत्रा होता. वजनाने पंधरा-सोळा किलो, अंगाने सडपातळ, पण पोहरा नवा दिसला की बांधापासून भुंकत यायचा. एका चैत्रात गावची जत्रा झाली. पाहुणे येणार म्हणून मोठ्या पातेल्यात रस्सा केला होता. तिसऱ्या दिवशीपर्यंत तळाचे वाटण, रस्सा आणि हाडके मोत्याला मिळत होती. आम्ही म्हणालो, त्याचीही जत्रा होऊ दे. दोन दिवस त्याने भरपेट खाल्ले. एकदा ओकला, पण कुत्रे ओकते त्यात नवल काय, म्हणून कुणी बघितले नाही.

जत्रा उलटून चौथा दिवस. मोत्या ट्रॉलीखालून बाहेर येईना. भाकरी पुढे टाकली तरी मान वर करीना. उठला तर पाय लटपटत होते आणि लघवी केली ती काळ्या चहासारखी. शेजारच्या वस्तीवरचे आप्पा म्हणाले, "गोचीड ताप हाय, दुसरं काय." आम्हालाही तेच वाटले, कारण अंगावर गोचिड्या होत्याच. टेम्पोत घालून दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी ओठ उचलून हिरड्या बघितल्या. कापसासारख्या पांढऱ्या. रक्त काढून घेतले आणि मग विचारले, "मागच्या आठ दिवसांत याला काय काय खाऊ घातलंय? कांदा-लसूण किती गेलाय पोटात?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिखट बाधले असेल असे एक वेळ वाटले असते. कांद्याचे नाव कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

या प्रश्नामागे काय आहे, तेच आज सांगायचे आहे.

तिखटाची गोष्ट

आधी मिरचीचे बघू. मिरचीत झोंबणारे जे द्रव्य असते त्याला कॅप्सायसिन म्हणतात. तिखट ही खरे म्हणजे चवच नव्हे. आंबट, गोड, खारट जिभेच्या चवीच्या कणांवर कळते. तिखट कळते ते भाजल्याची, वेदनेची जाणीव देणाऱ्या नसांवर. चटका बसला की ज्या नसा ओरडतात त्याच मिरचीनेही ओरडतात. या नसांवरचा दरवाजा कोणता, हे अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली दाखवून दिले आणि २०२१ साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. हा दरवाजा माणसाला आहे, कुत्र्याला आहे, उंदराला आहे. पाखरांचा दरवाजा मात्र मिरचीला उघडत नाही. तुमच्या मिरचीच्या रानात पोपट पिकल्या मिरच्या निवांत खातो आणि त्याचे डोळे पाणावत नाहीत, त्याचे कारण हे.

कुत्र्याच्या जिभेवर चवीचे कण माणसापेक्षा फार कमी, माणसाला नऊ हजारांच्या आसपास तर कुत्र्याला सतराशेच्या आसपास. म्हणून 'त्याला चव कुठे कळते' असे आपण म्हणतो. पण आत्ताच सांगितले तसे, तिखट चवीच्या कणांवर कळतच नाही. चव कमी कळत असली तरी जळजळ त्याला पुरेपूर होते. त्यातून त्याचे नाक. आपल्याला ठसका लागतो तिथे त्याची काय गत होत असेल, विचार करा.

मिरची खाल्लेले कुत्रे लाळ गाळते, पंजाने तोंड खाजवते, भराभर पाणी पिते, ओकते, पातळ हगते. एखादा खर्ड्याचा घास पोटात गेला तर बहुतेक वेळा एवढ्यावर भागते आणि दिवसभरात जनावर सुधारते. म्हणजे मिरची हे कुत्र्याला मारणारे विष नव्हे. पण त्रास आहे, आणि रोजच्या रोज तिखट रस्सा घातला तर पोट कायमचे बिघडलेले राहते. उन्हाळ्यात जुलाब लागून अंगातले पाणी गेले, तर लहान पिलू आणि म्हातारे कुत्रे त्यातच जाऊ शकते.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. 'तिखट खाऊ घातलं की कुत्रं तिखट होतं, राखण चांगली करतं' असे आपल्याकडे जुनी माणसे सांगतात. काही जण तर पिलाला मुद्दाम मिरची चारतात. बाबांनो, पोटात आग पडलेले जनावर चिडते, घरच्या पोरावरही गुरगुरते. त्याला राखण म्हणत नाहीत. आणि मिरची आपल्या देशात आली ती सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांच्या गलबतांतून. त्याच्या आधी हजारो वर्षे कुत्रे माणसाच्या दारात राखण करीतच होते की! मेंढरांमागचे कारवानी कुत्रे बघा. त्यांना कुणी खर्डा चारून तयार केलेले नसते.

खरा वैरी कांदा-लसूण

आता मुद्द्याचे. आपण सगळे मिरचीला भितो, कारण ती झोंबते. कुत्र्याच्या जिवावर उठतो तो न झोंबणारा कांदा आणि लसूण.

कांदा, लसूण, कांद्याची पात, परदेशी लीक आणि चाईव्ह ही सगळी एकाच भाऊबंदातली. यांच्यात गंधकाची काही द्रव्ये असतात. त्यांच्यामुळेच कांदा चिरताना डोळ्यांना पाणी येते आणि फोडणीला वास येतो. माणसाचे शरीर ती द्रव्ये सहज पचवते. कुत्र्याचे रक्त मात्र त्यांच्यापुढे कमजोर ठरते. ही द्रव्ये रक्तातल्या तांबड्या पेशींवर हल्ला करतात, त्यांच्यातले हिमोग्लोबिन नासवतात. नासलेल्या पेशी फुटू लागतात. तांबड्या पेशी म्हणजे अंगभर प्राणवायू वाहून नेणाऱ्या गाड्या. निम्म्या गाड्या मोडल्या तर माल पोहोचणार कसा? जनावर धापा टाकते, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळसर होतात, मान टाकते. फुटलेल्या पेशींतला रंग लघवीतून बाहेर पडतो, म्हणून लघवी तांबूस, तपकिरी, चहासारखी दिसते.

यात दोन गोष्टी फसवणाऱ्या आहेत. पहिली, हे लगेच होत नाही. कांदा खाल्ल्यावर ओकारी, जुलाब एक-दोन दिवसांत दिसतात किंवा दिसतही नाहीत. रक्त कमी झाल्याची खूण दिसायला तीन-चार दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर जत्रा, लग्न आपण विसरून गेलेलो असतो. दुसरी, शिजवून, तळून, वाळवून हे विष जात नाही. कच्चा कांदा आपण कुत्र्याला देतच नाही आणि तोही खात नाही. पण रस्श्याच्या वाटणात विरघळलेला कांदा त्याला दिसत नाही, मटणाच्या वासाने तो चाटून पुसून खातो.

प्रमाण किती? कुत्र्याच्या वजनाच्या अर्धा टक्का एवढा कांदा एका वेळी पोटात गेला की रक्तावर परिणाम होतो, असे पशुवैद्यकाचे ग्रंथ सांगतात. पंधरा किलोच्या गावठी कुत्र्याला हिशेब केला तर पाऊणशे ग्रॅम. म्हणजे मध्यम आकाराचा एक कांदा. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम गेला तर दुखणे गंभीर. हा झाला ओला कांदा. वाळलेल्या कांद्यात पाणी उडून गेलेले असते, म्हणून तेवढेच विष थोडक्या वजनात मावते. चटणीतला कांदा तळून, वाळून आटलेला असतो हे ध्यानात घ्या. एक किलो मटणाच्या रस्श्याला अर्धा किलो कांदा आपल्याकडे काही फार नाही. वर चटणी, वर आले-लसणाचे वाटण. पातेल्याच्या तळाचा गाळ एकट्या कुत्र्यापुढे ओतला, तर हिशेब कुठल्या कुठे जातो ते तुम्हीच मांडा. मी मोत्यासाठी मांडला तेव्हा हात कपाळाला लागला.

एकदम नाही, पण रोज थोडे थोडे गेले तरी नुकसान साचत जाते. पेशी रोज थोड्या फुटतात, शरीर भरून काढते, पुन्हा फुटतात. असे कुत्रे मरत नाही, पण सुस्त राहते, धावायला मागत नाही. आपण म्हणतो, म्हातारं झालं.

लसूण तर वजनाला वजन कांद्यापेक्षा जहाल मानतात. जपानमधल्या होक्काइडो विद्यापीठात संशोधकांनी कुत्र्यांना सात दिवस लसणाचा अर्क दिला होता. प्रमाण होते किलोमागे ५ ग्रॅम लसूण. त्या कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी कमी झाल्या आणि उरलेल्यांत बिघाड दिसला. हे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. आणि आपल्याकडे काय करतात? 'लसूण चारला की जंत पडतात, गोचीड धरत नाही.' जंतासाठी पशुवैद्याकडे वजनावर मोजून द्यायच्या गोळ्या मिळतात, गोचिडीसाठी औषधे मिळतात. लसणाच्या पाकळ्यांवर भरवसा ठेवू नका.

म्हणून तिखट किती, हे माप धरू नका. कोल्हापूरकडचा पांढरा रस्सा घ्या. मिरचीचा झणका नाही, रंग दुधासारखा. 'हा चालतो कुत्र्याला' असे वाटते. पण त्यात लसूण आहे, बहुतेक घरी कांदाही आहे. मुलांसाठी बाजूला काढतात ती अळणी, तिलाही कांदा-लसणाचाच फोडणीवास असतो, आणि नाव अळणी असले तरी मीठ घातलेले असते. पिठले, भडंग, शेंगदाण्याची लसूण घातलेली चटणी यांचेही तेच. माणसाच्या पोराला जे सौम्य, ते कुत्र्याला सौम्य असेलच असे नाही.

लोणचे आणि चिंच

लोणच्यात दोन भानगडी आहेत. एक मीठ. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे २-३ ग्रॅम मीठ एकदम पोटात गेले तर विषबाधेची लक्षणे दिसतात. ओकारी, सारखी तहान, तोल जाणे, झटके. ४ ग्रॅमच्या पुढे जीव जाऊ शकतो. पंधरा किलोच्या कुत्र्याला तीस-पंचेचाळीस ग्रॅम. लोणच्याच्या एखाद्या फोडीने इतके होत नाही. पण बरणी फुटली, तळाचा खार सांडला आणि कुत्र्याने चाटला, आणि जवळपास पाणी नाही, तर मामला वाढतो. दुसरी भानगड कोय. आंब्याची कोय चघळता चघळता गिळली तर आतड्यात अडकते, मग ऑपरेशनशिवाय गत्यंतर नसते.

चिंचेचे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक, हे बऱ्याच वर्षांपासून माहीत होते, पण का ते कळत नव्हते. अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी २०२१ मध्ये मांडले की द्राक्षातले टार्टरिक आम्ल हेच याचे कारण असावे. मग चिंच खाल्लेल्या कुत्र्यांचीही मूत्रपिंडे बिघडल्याच्या नोंदी पुढे आल्या, कारण चिंचेत हे आम्ल भरपूर असते. तेव्हा चिंच-गुळाची चटणी, चिंचेचा कोळ घातलेली आमटी कुत्र्यापुढे नको. तासगाव भागातल्या द्राक्ष-बेदाणा बागायतदारांनी तर शेडखाली सांडलेला बेदाणा झाडून घ्यावा. कुत्र्याला गोड आवडते. किती खाल्ल्यावर बाधेल याचा नेम नाही, एखाद्याला थोड्यानेही बाधते.

जाता जाता जनावरांचेही सांगतो. भाव पडला की कांद्याचे ढीग गुरांपुढे ओततात. गुरे तर या बाबतीत कुत्र्यापेक्षाही नाजूक. नुसत्या कांद्यावर गाय ठेवली तर तिचेही रक्त असेच फुटते, लघवी लाल होते. शेळ्या-मेंढ्या त्या मानाने सोसतात. द्यायचाच झाला तर दुसऱ्या वैरणीत मिसळून, थोडा थोडा, आणि सडका, बुरशी धरलेला तर बिलकूल नाही. या विषयावर स्वतंत्र लिहिण्यासारखे आहे.

बाधले तर काय करायचे

नुसते तिखट खाल्ले असेल तर घाबरू नका. भांडे काढून घ्या, पुढे स्वच्छ पाणी ठेवा. मिरचीचे ते द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळते, म्हणून थोडे दूध किंवा दही चाटू द्या. नरड्यात ओतू नका, ठसका लागून फुप्फुसात जाते. डोळ्यांत तिखट गेले असेल तर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा. ओकारी-जुलाब दिवसभरात थांबले नाहीत, किंवा त्यांत रक्त दिसले, तर दवाखाना.

कांदा-लसूण भरपूर खाल्ल्याचे डोळ्यांनी बघितले असेल तर लक्षणांची वाट बघू नका. पहिल्या एक-दोन तासांत डॉक्टर औषधाने ओकवून ते बाहेर काढू शकतात. या विषावर उतारा असा नाही. नंतर सलाईन, गरज पडली तर दुसऱ्या कुत्र्याचे रक्त, आणि वाट बघणे. घरी मीठ-पाणी पाजून ओकवायचा उद्योग करू नका. एका विषावर दुसरे विष व्हायचे. तसेच माणसाच्या तापाची पॅरासिटामॉलची गोळी भाकरीत घालून देऊ नका. तीही कुत्र्याच्या यकृताला आणि तांबड्या पेशींनाच बाधते.

डॉक्टरांना मागच्या आठवड्याचे खाणे सांगा. गोचीड तापातही हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी तांबडी होते. दोन्हींची वरवरची लक्षणे सारखी आणि औषधोपचार वेगळा. 'काय घातलं ते आठवत नाही' म्हणालात तर डॉक्टरांचे निम्मे काम अडते. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा फोन आहे. तो मुख्यतः गुराढोरांसाठी, कुत्र्यासाठी गाडी येईलच असे नाही. पण विचारायला काय जाते?

आणि एक अगदी जपून. लाळ गळणारे प्रत्येक कुत्रे तिखट खाल्लेले नसते. गिळता येत नाही, आवाज बदललाय, उगाच अंगावर येतेय किंवा अंधारात दडून बसतेय, अशा कुत्र्याच्या तोंडात 'काय अडकलंय बघू' म्हणून हात घालू नका. ते पिसाळलेले असू शकते. त्याचबरोबर, कुत्रे चावले की जखमेत चटणी भरायची, चुना लावायचा, तेल सोडायचे हे प्रकार आजही होतात. मिरचीने रेबीज मरत नाही. जखमेची आग होते, आतली इजा वाढते आणि धुवायचे राहून जाते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे घड्याळ लावून धुवायची आणि तडक प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करायची, ती पुरी घ्यायची. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस हाताला लागत नाही.

सरपंच, ग्रामसेवकांसाठी दोन शब्द

जत्रा, लग्न, तेरावे झाले की उरलेले अन्न कुठे जाते? गावाबाहेर ओढ्याच्या काठाला, नाहीतर शाळेच्या मागे. त्यात रस्सा, हाडके, लोणचे, कांद्याची कोशिंबीर, सगळे एकत्र. चार गावची कुत्री तिथे जमतात, भांडतात, आजारी पडतात आणि पोरांच्या पायांत येतात. जत्रा कमिटीची बैठक होते तेव्हाच एक खड्डा ठरवून घ्या. रस्सा, हाडके, कांदा त्यात जाऊन वर माती पडली पाहिजे. कोरडी भाकरी, साधा भात वेगळा काढला तर तो कुत्र्यांना घालता येतो. जवळ एक पाण्याचे भांडे ठेवायला ग्रामपंचायतीला खर्च येत नाही. शिजलेली हाडके ठिसूळ होतात, फुटून टोकदार होतात आणि नरड्यात, आतड्यात रुततात. तीही खड्ड्यातच बरी.

काही ठिकाणी कुत्री उकिरड्यावर येऊ नयेत म्हणून मिरचीपूड टाकतात, कुणी डोळ्यांत फेकतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास मनाई करणारा कायदा १९६० पासून आहे आणि अशाने कुत्री कमीही होत नाहीत. २०२३ च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि रेबीजची लस ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागाकडे लेखी मागणी करा, पोच घ्या आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवा.

मग घालायचे काय?

बायाबापड्या म्हणतील, कुत्र्यासाठी आता वेगळा स्वयंपाक करू काय? अजिबात नको. वेगळी चूल नको, फक्त वेळ बदला. डाळ शिजली, फोडणी पडायची आहे, तेव्हा एक पळी वरण कुत्र्याच्या थाळीत काढा. त्यात भाकरी कुस्करा. हळदीचे वावडे नाही. मीठ नसले तरी त्याला चालते. मटण आणले तर कांद्यावर परतायच्या आधी चार चरबट तुकडे वेगळ्या भांड्यात नुसत्या पाण्यात उकळा आणि हाड काढून द्या. एखादे उकडलेले अंडे. ताक-भाकरी उत्तम. दूध काही मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, पातळ हगवण लागली तर बंद करून ताकावर या. पाण्याची थाळी मात्र बारा महिने भरलेली असावी. आपल्या वस्तीवर नेमकी तीच कोरडी असते.

सुरुवातीचे दोन-चार दिवस रस्श्याला चटावलेले कुत्रे तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. बघू दे. भूक लागली की खाते.

मोत्याला सलाईन लागले, गोचीडही काढल्या. तिसऱ्या आठवड्यात हिरड्यांना गुलाबी रंग आला आणि एका सकाळी पोहरा दिसताच तो बांधापर्यंत भुंकत गेला. त्यानंतर आमच्या घरात जत्रेच्या दिवशी कांदा चिरायला घेण्याआधी आई हाक मारायची, "कुत्र्याचं काढलं का रं?" काढल्याचे कानावर आल्याशिवाय ती विळीवर बसत नसे.